साखळीच्या माळ्यावरची गरी

पहिला दिवस, बुधवार : साखळी

यंदाच्या पावसात मामांच्या घराचा माळा दोन जागी गळला आणि दिवाळी आटोपल्यावर कौले परतण्याआधी वरचे सगळे सामान खाली काढावे लागले. त्या सामानात, भाताच्या रिकाम्या कणग्या आणि चतुर्थीच्या माटोळीच्या लाकडी पट्ट्या यांच्या आड, जाडसर कापडाची एक लांबट पिशवी निघाली. पिशवीला आतून तीन खण शिवलेले होते आणि प्रत्येक खणात एकेक काठी होती. मामांनी मला डिचोलीहून बोलावून घेतले ते त्यासाठीच. बँकेतून निवृत्त झाल्यापासून जुन्या वस्तूंच्या मागे लागलेला भाचा हा घरात एरवी थट्टेचा विषय असला, तरी अशा वेळी आठवण त्याचीच होते.

आमच्याकडे माशांच्या गळाला गरी म्हणतात, आणि गळ, दोरी, काठी असा सगळा साज मिळूनही गरीच. ही गरी मात्र नदीकाठी दिसते तशी एकसंध बांबूची नव्हती. साधारण साडेतीन फुटांचे तीन तुकडे, एकाच्या टोकाची पितळी नळी दुसऱ्याच्या पितळी खोबणीत बसवली की साडेदहा फुटांची काठी उभी राहणार. बुडखा अख्ख्या बांबूचा, त्याला बुचाची मूठ आणि मुठीच्या शेवटी पितळेची टोपी. मधला तुकडाही अख्ख्या बांबूचाच. शेंड्याचा तुकडा मात्र गोल नव्हता, षट्कोनी होता, आणि त्यावर दर अर्ध्या इंचावर रेशमी दोऱ्याचे बारीक बंध होते, कधीकाळी हिरवे असलेले, आता शेवाळाच्या रंगाला आलेले.

या शेंड्याचा इंचभर भाग सरस सुटून उकलला होता. मामांनी पंचांग वाचायचे भिंग आणून दिले आणि मी ओसरीच्या पायरीवर उन्हात बसून ती फट पाहिली. आत सहा पट्ट्या होत्या, प्रत्येकीचा छेद त्रिकोणी, सगळ्यांची टोके मध्यावर येऊन भिडलेली. प्रत्येक त्रिकोणात बारीक काळे ठिपके होते. सालीकडे ते इतके दाट की जवळजवळ एक काळी रेघ झालेली, आणि आत येता येता विरळ होत गेलेले. हे ठिपके म्हणजे बांबूच्या धाग्यांची टोके. बांबूची ताकद सालीखालच्या याच धाग्यांत असते आणि गाभा तुलनेने पोचट असतो, म्हणून या कामातला कारागीर बांबू उभा चिरतो, त्याच्या पट्ट्यांना साठ अंशांच्या कोनात रंधा मारतो, साल बाहेर राहील अशा बेताने गाभ्याकडचा भाग काढून टाकतो, आणि मग सहा पट्ट्या एकमेकींना चिकटवून अशी काठी करतो जिच्यात फक्त ताकदीचा भाग उरलेला असतो. आमच्या शेंड्याचे टोक आगपेटीच्या काडीहून फार जाड नव्हते, आणि त्या काडीतही सहा त्रिकोण होते.

मुठीच्या पितळी टोपीवर काही कोरलेले होते. हाताच्या घर्षणाने ते पुसून गेले होते. रोमन लिपीतली शेवटची काही अक्षरे तेवढी लागली आणि त्यांचा उच्चार ‘डिच’ असा होत होता. मामांना ठाऊक असलेली हकिकत एवढीच, की त्यांच्या आजोबांचे थोरले भाऊ मुरगावला रेल्वेत कारकून होते आणि विलायतेला परत जाणाऱ्या कुणा इंग्रज साहेबाने जाताना ही गरी त्यांना दिली.

तिन्ही तुकड्यांवर तपकिरी, जळल्यासारखे डाग होते. त्याबद्दल मी पूर्वी वाचलेले होते. एकोणिसाव्या शतकात विलायतेत आणि अमेरिकेत गळाच्या काठ्यांसाठी जो बांबू जाई त्याला ‘कलकत्ता केन’ म्हणत, आणि असे डाग ही त्याची ओळख मानली जाई. बांबू आपला, काठी त्यांची, असे मी मामांना जरा ऐटीत सांगितले आणि ही काठी कुणी केली याचा छडा लावायला चार दिवस हिंडायचे ठरवले.

दुसरा दिवस, गुरुवार : पणजी

साखळीहून पणजीच्या बसमध्ये कंडक्टरने पिशवीकडे पाहून, सनई आहे का, असे विचारले. मी हो म्हटले. खरे सांगायला वेळ लागला असता.

पाट्टो येथील कृष्णदास शामा मध्यवर्ती ग्रंथालय १८३२ साली स्थापन झालेले आहे आणि जुनी पोर्तुगीज वृत्तपत्रे पाहायला माझ्या माहितीत गोव्यात याहून चांगली जागा नाही. सकाळभर मी ती चाळली. गळाच्या काठ्यांची एकही जाहिरात मिळाली नाही. पोर्तुगीज अमलातल्या गोव्यात ही वस्तू बाजारातून आली नसावी, इंग्रज माणसाच्या सामानातूनच आली असावी, या मामांच्या हकिकतीला त्यामुळे थोडे बळ मिळाले, एवढेच.

‘डिच’चा उलगडा मात्र झाला, आणि तोही नकाशाच्या पुस्तकात. इंग्लंडात बर्मिंगहॅमच्या दक्षिणेला वूस्टरशर परगण्यात रेडिच नावाचे गाव आहे. हे सुयांचे गाव. एकोणिसाव्या शतकात जगातल्या बहुतेक सुया या एका गावाच्या परिसरात होत. सुई आणि गळ यांची तार एकच, टोकही एकच; सुई वाकवून तिला आकडा काढला की गळ झाला. त्यामुळे सुया करणाऱ्यांनीच गळ करायला घेतले, गळांपाठोपाठ दोऱ्या, फिरक्या आणि काठ्या. मिलवर्ड घराण्याचा सुयांचा धंदा आपला आरंभ १७३० सालचा सांगत असे, आणि पुढे मासेमारीच्या साहित्यात मिलवर्ड आणि ऑलकॉक ही रेडिचची दोन मोठी नावे झाली.

फोडी चिकटवून काठी करण्याची कला मात्र रेडिचची नव्हे. तिचा मान सहसा अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियातील ईस्टन गावच्या सॅम्युएल फिलिपी या बंदुका करणाऱ्या कारागिराला देतात. तो व्हायोलिनेही करी आणि १८४०च्या दशकात त्याने बांबूच्या फोडी जोडून काठ्या करून पाहिल्या. बंदुकीची नेमकी मापे आणि व्हायोलिनचा सरस हे दोन्ही ज्याच्या हातात होते त्याला हे सुचावे, यात मला नवल वाटत नाही. नंतर मेन राज्यातल्या हायरम लेनर्डने पट्ट्यांना कोन काढणारे यंत्र बसवले आणि सहा पट्ट्यांची काठी हा रिवाज पक्का केला. इंग्लंडात या कामाने सर्वांत मोठे नाव कमावले ते उत्तरेकडच्या अ‍ॅनिक गावच्या हार्डी बंधूंनी, ज्यांचे दुकान १८७२चे.

ग्रंथालयातून निघालो तेव्हा कारागिराचे गाव हाती लागले होते आणि आता नावही लागेल अशा भ्रमात मी होतो.

तिसरा दिवस, शुक्रवार : म्हापसा

म्हापशाचा शुक्रवारचा बाजार मला लहानपणापासून ठाऊक आहे, पण बुरूडकामाच्या रांगेत मी कधी खरेदीखेरीज थांबलो नव्हतो. सुपे, रोवळ्या, पाट्या, हारे आणि गुंडाळून उभ्या केलेल्या दाळ्या यांच्यामध्ये सत्तरीचे एक गृहस्थ बसले होते आणि त्यांच्या मागे सोललेल्या काठ्यांची चळत होती. मी त्यांना काका म्हणून हाक मारली, पिशवी उघडली आणि मनात ठरवलेला प्रश्न विचारला, की या काठीचा बांबू कुठला असेल ते हाताला कळते का.

त्यांनी पितळेकडे पाहिलेसुद्धा नाही. बुडखा हातात घेऊन गाठीवरून अंगठा फिरवला आणि बाजूला ठेवला. मधला तुकडा घेतला, त्याच्याही गाठीवरून अंगठा फिरवला, मग तो तुकडा उलटा करून पुन्हा फिरवला. त्यांचे शब्द मी वहीत तसेच उतरवून घेतले: “हो माणगो. तो आमचो न्हय.”

म्हणजे बुडखा परका आणि मधला तुकडा इथला. मी हसून सांगितले की सगळी काठी विलायतेहून आली आहे. त्यावर त्यांनी वाद घातला नाही. मागच्या चळतीतून माणग्याची एक काठी ओढली, मांडीवर आडवी धरली, आणि पाळकोयती गाठीच्या वरच्या अंगाला तिरकी लावून एक झटका दिला, काठी किंचित फिरवून दुसरा, आणि पुन्हा फिरवून तिसरा. गाठीचा उंचवटा गेला आणि तिथे तीन लहान सपाट्या उरल्या, नखाएवढ्या, तिन्ही एकाच दिशेला कललेल्या. मग त्यांनी आमच्या गरीचा मधला तुकडा माझ्या हातात दिला. प्रत्येक गाठीवर, व्हार्निशच्या थराखाली, तशाच तीन तीन सपाट्या होत्या. बुडख्याच्या गाठी मात्र कानशीने गोल घासून इतक्या गुळगुळीत केल्या होत्या की डोळे मिटून हात फिरवला तर गाठ कुठे आहे ते कळू नये. दोन दिवस ही काठी मी भिंगातून पाहत होतो आणि हा फरक मला दिसला नव्हता.

डागांचेही तसेच. बुडख्यावरच्या डागांच्या कडा धुरासारख्या विरत गेल्या होत्या, आणि मधल्या तुकड्यावरच्या डागांच्या कडा करकरीत होत्या. काकांच्या मते पहिला डाग जाळाचा आणि दुसरा तापवलेल्या सळीचा. कुणीतरी नवा तुकडा जुन्याला शोभावा म्हणून मुद्दाम सळईने डाग ओढले होते.

माणगा हा आमच्या भागाचा बांबू. त्याला काटे नसतात, तो भरीव किंवा जवळजवळ भरीव असतो, आणि कोकणापासून केरळपर्यंत घराच्या परड्यात, कुळागराच्या कडेला मुद्दाम लावलेला आढळतो. काकांच्या म्हणण्याप्रमाणे तो पावसाळा संपल्यावर, अवसेच्या सुमारास तोडावा, म्हणजे त्याला कीड धरत नाही. अवसेचे मला सांगता येत नाही, पण किडीला बांबूतले पिठूळ सत्त्व हवे असते आणि तोडलेला बांबू काही आठवडे वाहत्या पाण्यात बुडवून ठेवला तर ते बरेचसे निघून जाते, हे खरे आहे. काकाही तसे करतात.

बुडख्याचा बांबू कुठला, हे मला नंतर लावता आले. बुचाच्या मुठीखालची सैल झालेली टोपी काढून पाहिली, तर आतले टोक पूर्ण भरीव होते. भारताच्या कोरड्या पानगळीच्या जंगलांत वाढणाऱ्या या भरीव बांबूला इंग्रज नर बांबू म्हणत. पोलिसांच्या लाठ्या त्याच्याच, आणि इंग्रजी घोडदळाच्या भाल्यांचे दांडेही त्याचेच असत. भालाइतांचे दांडे आणि साहेबांच्या गऱ्या एकाच चळतीतून निघत असतील, हा विचार बाजारात उभ्या उभ्या गमतीचा वाटला.

काकांनी पैसे घेतले नाहीत. खोबणीत धूळ जाऊ नये म्हणून पूर्वी या काठ्यांना लाकडी बुडणी असत, ती आमच्या पिशवीत नव्हती. ती दोन बुडणी करून द्याल का, असे विचारल्यावर मात्र त्यांनी माप घेतले आणि पुढच्या शुक्रवारी या म्हणाले.

चौथा दिवस, शनिवार : वास्को आणि मडगाव

वास्कोला जाण्याचा हट्ट मामांचा. मुरगाव बंदरापासून घाटावर जाणारी रेल्वे इंग्रजी कंपनीने पोर्तुगीज मुलखात बांधली आणि ती १८८८ साली सुरू झाली. त्यामुळे इंग्रज इंजिनियर आणि त्यांच्या हाताखालचे गोवेकर कारकून ही जोडी इथे खरोखरच होती. आज तिथे पाहण्यासारखे काही उरलेले नाही. स्टेशनवर चहा घेतला आणि मडगावची गाडी पकडली.

मडगावला गोमंत विद्या निकेतनपासून जवळच एक निवृत्त दंतवैद्य राहतात. मुख्यतः आफ्रिकेहून परतलेल्या कुटुंबांच्या घरांतून त्यांनी जुन्या गऱ्या गोळा केल्या आहेत. केनियाच्या डोंगरी नद्यांत इंग्रजांनी विसाव्या शतकाच्या आरंभी ट्राउट मासे आणून सोडले, नैरोबीच्या कचेऱ्यांत गोवेकर कारकून भरलेले होते, आणि साहेबांच्या टाकून दिलेल्या काठ्या त्यांच्याबरोबर साष्टी तालुक्यात उतरल्या. डॉक्टरांच्या भिंतीवर अशा चौदा काठ्या आडव्या लावलेल्या आहेत, आणि खाली दात काढायच्या हत्यारांच्या जुन्या पेटीत कड्या, नळ्या आणि रेशमी दोऱ्याची रिळे.

मी त्यांना पहिल्याच वाक्यात सांगितले की डागांवरून ही कलकत्ता केन आहे. “डागांवर जाऊ नका,” डॉक्टर म्हणाले. जाळाचे डाग ही कलकत्त्याच्या बांबूची खूण होती हे खरे, पण गिऱ्हाईकाला त्या डागांची सवय झाल्यावर कारागीर दुसऱ्या बांबूलाही ज्योत दाखवून डाग पाडू लागले. दुसरा बांबू म्हणजे टोंकिन. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून या टोंकिनने कलकत्त्याला बाजूला सारले, कारण त्याचे धागे अधिक दाट आणि कांडी अधिक लांब. तोही टोंकिनचा, म्हणजे उत्तर व्हिएतनामचा, नव्हेच. तो दक्षिण चीनच्या ग्वांगडोंग प्रांतात, हुआइजीच्या आसपासच्या टेकड्यांवर वाढतो. फ्लॉइड मॅक्लूर या अमेरिकी वनस्पतिशास्त्रज्ञाने कँटनला शिकवत असताना त्याचा माग काढला आणि १९३१ साली त्याचे शास्त्रीय नामकरण केले. कलकत्त्याचा बांबूही कलकत्त्यात उगवत नव्हता, तिथून जहाजावर चढत होता. बसऱ्याचे मोती बसऱ्याच्या समुद्रातले नसत, तसाच हा प्रकार.

मग खूण कोणती? डॉक्टरांनी शेंड्याची एक पट्टी निवडली, तिच्यावरच्या एका गाठीवर पेन्सिलीची खूण केली, आणि त्याच पट्टीवर पुढची गाठ येईपर्यंत फूटपट्टी सरकवली. अकरा इंच. दुसऱ्या पट्टीवर पावणेबारा. शेजारच्या पट्ट्यांच्या गाठी मुद्दाम पुढेमागे ठेवलेल्या असतात, कारण सहाही गाठी एका जागी आल्या तर काठी तिथेच मोडेल. म्हणून मोजायचे ते एकाच पट्टीवर. भिंतीवरची एक टोंकिनची काठी उतरवून त्यांनी तीच पट्टी लावली, तर तिथे गाठींत जवळजवळ दीड फुटाचे अंतर निघाले. यावरून, आणि बंध इतके जवळजवळ असण्यावरून, आमचा शेंडा कलकत्त्याचाच असण्याची शक्यता मोठी, असे त्यांचे मत पडले. जवळजवळचे बंध ही जुनेपणाची खूण आहे. जनावरांच्या हाडाकातड्यांचा सरस ओल लागली की सुटतो, त्यामुळे त्या काळचा कारागीर सरसावर विसंबून राहत नसे आणि दोऱ्याने बांधून घेई; पुढे पाण्याला दाद न देणारे कृत्रिम सरस आले तेव्हा हे बंध विरळ होत गेले आणि शेवटी फक्त कड्यांपुरते उरले. तीन हजार मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या मुलखात आमच्या शेंड्याचा इंचभरच भाग उकलला, ही त्या रेशमाची कृपा.

म्हणजे बांबूबद्दल मी बोललो ते बरोबर निघाले, पण ज्या कारणासाठी बोललो ते चूक होते. हिशेबात असे झाले तर बँकेत आम्ही बेरीज बरोबर असूनही खतावणी परत लिहायला लावत असू.

नावाकडे वळल्यावर डॉक्टरांनी पितळी टोपीवर पातळ कागद ठेवला आणि मऊ पेन्सिल आडवी धरून हलके घासली. डोळ्यांना जे दिसत नव्हते ते कागदावर पांढऱ्या रेषांत उमटले: पुढचे नाव गेलेलेच, पण त्यानंतर ‘अँड सन्स’ आणि मग पूर्ण रेडिच. मी लगेच मिलवर्डचे नाव घेतले, कारण त्यांच्या नावात ते शब्द आहेत. डॉक्टरांनी मला तिथेच थांबवले. “मिलवर्ड आहे, असे लिहू नका. मिलवर्ड असू शकेल, असे लिहा.” ‘अँड सन्स’ लावणारे रेडिचमध्ये दुसरेही असू शकतात. शिवाय रेडिचचे कारखाने दुकानदारांना बिननावाच्या काठ्या घाऊक विकत आणि दुकानदार त्यावर आपले नाव घाली, त्यामुळे नाव मिळाले तरी ते करणाऱ्याचे की विकणाऱ्याचे, हा प्रश्न उरतोच.

त्यांच्या या सावधपणाला स्वतःच्या पैशांचा इतिहास आहे. काही वर्षांपूर्वी त्यांनी दुसऱ्या शहरातल्या एका विक्रेत्याकडून फार मोठ्या नावाची काठी फार मोठ्या किमतीला मागवली. घरी आल्यावर त्यांनी ते हाताने लिहिलेले नाव दिव्याखाली तिरपे धरले, तर शाई व्हार्निशच्या वर होती. जुने कारागीर आधी शाईने लिहीत आणि वरून व्हार्निश देत, त्यामुळे अक्षरे काचेखाली असल्यासारखी दिसतात. इथे ती काचेवर होती. ती काठी त्यांनी परत केली नाही. भिंतीवर सर्वांत खाली लावली आहे आणि येणाऱ्या प्रत्येकाला आधी तीच दाखवतात.

म्हापशाच्या काकांचे मत मी शेवटी सांगितले, काहीसे बिचकत. डॉक्टरांनी मधला तुकडा खिडकीपाशी नेला आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. काका बरोबर होते. मधल्या तुकड्याच्या नळ्या मूळच्या होत्या, जुन्या तुकड्यावरून काढून नव्यावर बसवलेल्या, पण त्यांवरचे बंध रेशमाचे नव्हते. तो जाळी विणायचा सुती दोरा होता, काळपट पडलेला, आणि डॉक्टरांच्या अंदाजाने काजूच्या टरफलांच्या तेलात भिजवलेला, जसे होड्यांना लावतात. इंग्रजी पद्धतीच्या बंधात दोऱ्याचे शेवटचे टोक वेढ्यांखालून ओढून कापतात, ते दिसतच नाही. इथे टोक वेढ्याखालून दोनदा काढून डावीकडे दुमडून दाबलेले होते, आणि ते प्रत्येक बंधावर तसेच, न चुकता. “ही दुरुस्ती करणाऱ्याची सही आहे,” डॉक्टर म्हणाले, “पण ती वाचणार कोण?”

पाचवा दिवस, रविवार : चोडण आणि साखळी

रायबंदरहून फेरीबोटीने सकाळी लवकर चोडणला उतरलो. इथल्या खाजन, म्हणजे खाडीकाठच्या सखल, जमिनींच्या बांधांत जागोजाग मानशी, म्हणजे पाण्याची दारे, आहेत. भरतीचे पाणी आत घ्यायचे, ओहोटीला सोडायचे, आणि त्या पाण्याबरोबर आतबाहेर करणारे मासे धरायचे. पाणी उलटायच्या वेळी अशा मानशीपाशी चार-पाच गऱ्या हमखास दिसतात, आज तिघे होते. तिघांच्या काठ्या माणग्याच्या, तंगूस थेट शेंड्याला बांधलेला, फिरकी नाही, कडी नाही. अशी काठी दोन मोसम चालते, मग परड्यातून नवी तोडायची.

त्यांच्यातल्या वयस्क गृहस्थांना मी आमची गरी जोडून हातात दिली. दोरी लावायची नाही हे त्यांना सांगावे लागले नाही. त्यांनी ती दोनदा हवेत हलवली, मग मधल्या तुकड्यावर हात ठेवून थांबले. हा तुकडा बांबूच्या बुडाकडचा आहे, असे ते म्हणाले. शेंड्याकडचा घेतला असता तर हलका आणि लवचिक झाला असता. बुडाकडचा मुद्दाम घेतात तो चणक माशासाठी, कारण चणक एकदा खारफुटीच्या मुळांत शिरला की बाहेर येत नाही, त्याला पहिल्या हिसक्यालाच अडवावे लागते, आणि मऊ काठीने ते होत नाही. साहेबाने कुठल्या माशासाठी ही गरी आणली होती कोण जाणे. दुरुस्ती करणाऱ्याने ती मांडवीच्या चणकासाठी करून दिली होती.

दुपारी साखळीला मामांकडे पोहोचलो. जेवणानंतर पाच दिवसांचा सगळा वृत्तांत सांगितला. रेडिचपाशी मामा पेंगले, पण माणग्यापाशी उठून बसले. गोवा मुक्त होण्याआधी, ते दहा-अकरा वर्षांचे असताना, दसऱ्यानंतर दरवर्षी एक बुरूड घरी येई आणि आठवडाभर परड्यातल्या फणसाखाली बसून वर्षभराची सुपे-रोवळ्या करून देई, मोबदला भातात. एका वर्षी घरातल्या कुणाची तरी मोडलेली काठी त्याने दुरुस्त केल्याचे त्यांना आठवत होते, कारण त्याने सळई तापवायला चुलीतला विस्तव मागितला आणि आजीने तो द्यायला कुरकूर केली. त्याचे नाव काय? मामांना आठवेना. घरात सगळे त्याला सुपांवालाच म्हणत.

मामी आतून म्हणाल्या, की त्याच्या हातचे एक सूप अजून देवखोलीत आहे, सासूबाईंनी पूजेपुरते राखलेले.

सूप आणले. शेणाच्या सारवणाने ते काळे झाले होते आणि एका कोपऱ्याला उसवले होते, पण काठाची बांधणी शाबूत होती. काठावरून वेताची पट्टी वेढत नेलेली आणि प्रत्येक बांधणीच्या शेवटी टोक खोचलेले. मी ओसरीच्या त्याच पायरीवर बसलो, मांडीवर सूप आणि त्याच्या शेजारी गरीचा मधला तुकडा ठेवला आणि भिंग लावले. वेताचे टोक वेढ्याखालून दोनदा काढून डावीकडे दुमडले होते. पुढच्या बांधणीतही तसेच, आणि त्याच्या पुढच्याही.

मामांनी भिंग घेतले आणि एक एक टोक मोजत काठभर फिरवले. सगळी मोजून होईपर्यंत मामी दारात उभ्या राहिल्या आणि मग, दिवेलागणीची वेळ झाली म्हणून, सूप आत घेऊन गेल्या.